गाडीतल्या अँपवर (अँप्लिफायरवर) ३०-३० अँपिअरचे दोन फ्यूज आहेत, तरी बॅटरीजवळ इनलाइन फ्यूज होल्डर (वायरच्या मध्येच बसणारी फ्यूजची डबी) लावायलाच हवा का? लावायचा तर कोणता?

हवाच. तुम्ही पुढे लिहिलंय की वायर ४ गेजची आहे (गेज म्हणजे जाडीचं माप, आकडा लहान तितकी वायर जाड), होल्डर काचेच्या नळीच्या फ्यूजचा घ्यावा की एएनएल, म्हणजे चपट्या पट्टीच्या फ्यूजचा, हे ठरत नाहीये, आणि कंपनीही सुचवा. त्याकडे येतो. पण 'अँपवर दोन फ्यूज आहेतच' हे वाक्य मी माझ्या दाजींच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की आधी तेवढं सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

दाजींना गाडीतल्या गाण्यांचा भारी नाद. अँप आणि सबवूफर त्यांनी स्वतः बसवले, आणि काम सुबक केलं होतं. लाल वायर बॅटरीच्या प्लसपासून फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून) आत, मग कार्पेटखालून ड्रायव्हरच्या सीटजवळून थेट डिकीत. बॅटरीपाशी मात्र काहीच नाही, वायरच्या टोकाचा लग (धातूची कडी) सरळ टर्मिनलवर आवळलेला. मी तेव्हाच म्हटलं, "दाजी, इथे एक फ्यूज हवा." तर म्हणाले, "अरे, अँपला दोन आहेत की. एका लाइनवर किती फ्यूज लावशील?" मोठ्या बहिणीचा नवरा, चारचौघांत वाद कशाला, म्हणून मी गप्प बसलो. बसायला नको होतं.

काही महिन्यांनी आम्ही चौघं प्रवासाला निघालो होतो. ताई आणि भाचा मागे, मी पुढे दाजींच्या शेजारी. वाटेत थांबलो असताना दाजींनी पाय मोकळे करायला सीट मागे सरकवली. खालून 'तड' असा आवाज आला, डॅशबोर्डचे दिवे एकदम मंदावले आणि कार्पेटच्या कडेने धूर यायला लागला. ताईने पोराला उचलून बाहेर काढलं. दाजींनी किल्ली फिरवून काढून घेतली, आणि धूर वाढतच राहिला. किल्ली दाजींच्या हातात, गाडी बंद, आणि कार्पेटमधून जळक्या प्लास्टिकचा वास. कारण त्या वायरचा किल्लीशी संबंधच नसतो, ती थेट बॅटरीवर असते.

मी बॉनेट उघडलं. टर्मिनलचा नट दहाच्या पान्याचा, आणि पाना डिकीत बॅगांच्या खाली. तो शोधून मायनस सैल करेपर्यंत मिनिटभर तरी गेलं असेल. टर्मिनलजवळ वायरला हात लागला तर वरचं लाल आवरण खरवसासारखं मऊ झालेलं, बोटाला चिकटलं. नंतर कार्पेट उचललं तेव्हा सीटच्या रुळाची धारदार कड वायरमध्ये घुसलेली दिसली. रोज थोडी थोडी घासत आवरण कापत आली असणार.

आता हिशोब बघा. चार मीटर ४ गेज वायरचा रोध जेमतेम सव्वातीन मिलिओहम. शॉर्टमध्ये बॅटरी शेकडो अँपिअर सहज देते. ५०० धरले तरी त्या वायरमध्ये आठशे वॅटची उष्णता तयार होते. म्हणजे कार्पेटखाली कपड्यांची इस्त्री चालू ठेवून वर माणसं बसवण्यासारखं.

यानंतर दाजींनी काय करावं? डिकी उघडून अँपवरचे दोन्ही हिरवे फ्यूज काढले, उजेडात धरले आणि मला दाखवले. "बघ, दोन्ही शाबूत. शॉर्ट झाला असता तर हे उडाले नसते का? वायरच हलकी निघाली." घरात सगळ्यांना आजही हेच सांगितलं जातं, म्हणून इथे नीट लिहून ठेवतो. करंट बॅटरीतून निघाला, वायरीतून सीटच्या रुळात गेला, तिथून बॉडीत आणि बॉडीतून परत मायनसला आला. डिकीपर्यंत तो पोचलाच नाही. ज्या फ्यूजमधून करंट गेलाच नाही तो उडणार कसा? फ्यूज त्याच्या पुढच्या वायरला सांभाळतो, मागच्या नाही. अँपवरचे फ्यूज अँपसाठी, बॅटरीजवळचा फ्यूज वायरसाठी. म्हणून होल्डर बॅटरीच्या प्लसपासून १८ इंचांच्या आत लावायचा असं सांगतात, आणि मी म्हणेन एका वितीत बसत असेल तर वितीत बसवा. टर्मिनल आणि फ्यूज यांच्यामधल्या तुकड्याला कसलंच संरक्षण नसतं. तो जितका लहान तितकं बरं, आणि फायरवॉलच्या आत तर तो जाताच कामा नये.

आता होल्डरचं. काचेच्या नळीचा घेऊ नका. नवी वायर टाकली तेव्हा दाजींच्या गाडीत मी तोच लावला होता. दोनेक महिन्यांत होल्डर एका टोकाला वितळला, फ्यूज मात्र शाबूत. दाजींना आयताच मुद्दा मिळाला: "बघ, फ्यूज लावला आणि त्यानेच आग लागायची वेळ आली." त्या वेळी ते निम्मे बरोबर होते, कारण चूक माझी होती. वायर सोलून तिच्या तारा मी नुसत्या स्क्रूखाली दाबल्या होत्या. गाडीच्या हादऱ्यांनी त्या बसत गेल्या, स्क्रू सैल पडला. त्यात काचेच्या फ्यूजच्या टोप्या होल्डरला जेमतेम टेकलेल्या असतात. सैल जोडावर ०.३ व्होल्ट पडत असतील आणि ५० अँपिअर जात असतील, तर तिथे १५ वॅट तापतात, प्लास्टिकच्या डबीच्या आत. आणि फ्यूज उडत नाही, कारण करंट फ्यूजच्या ६० अँपिअरच्या वर गेलेलाच नसतो. म्हणजे होल्डर निवडताना फ्यूज बघायचाच नाही, जोड बघायचे. एका होल्डरला चार जोड असतात, दोन वायरचे आणि दोन फ्यूजचे.

एएनएल किंवा मिनी-एएनएल (यालाच एएफएस म्हणतात) घ्या. त्यात फ्यूजची चपटी पट्टी बोल्टने किंवा स्क्रूने आवळली जाते, ती हादऱ्याने सुटत नाही. ६० अँपिअरला मिनी पुरतो. कंपनी मी सांगणार नाही. होल्डर हातात घ्या आणि बघा: वायरचं भोक खरंच ४ गेजचं आहे का, आतला धातू जाडजूड पितळेचा आहे की पत्र्याचा, झाकण घट्ट बसतं का, आणि गाडीला स्क्रूने बसवायला कान आहेत का. वायरीवर लोंबकळणारा होल्डर मला अजिबात मान्य नाही.

आकडा. अँपचे ३० अधिक ३० म्हणजे ६०, तुमची वायर शुद्ध तांब्याची असेल तर १०० सहज झेलते. म्हणून ६० किंवा ८० लावा. ६०चा विनाकारण उडत असेल तर ८०. वायरच्या ताकदीच्या वर कधीच जायचं नाही, अँप कितीही मोठा असो. ८ गेज असती तर ५०-६०वर थांबा म्हटलं असतं. आणि वायर एकदा खरवडून बघा. आत चंदेरी दिसलं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियम आहे. ती तांब्याच्या साठ-पासष्ट टक्केच करंट वाहते, मग ६०च्या पुढे जाऊच नका.

बसवताना मायनस आधी सोडवा, फ्यूज सगळ्यात शेवटी घाला. वायर भोकाच्या खोलीइतकीच सोला, तारांवर फेरूल (धातूची छोटी टोपी) चढवा, मग स्क्रू आवळा आणि वायर जोराने ओढून बघा. टोकाला सोल्डर लावून आवळायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. सोल्डर दाबाखाली हळूहळू पसरतं आणि स्क्रू पुन्हा सैल. फायरवॉलच्या भोकात रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं कडं) हवंच, आणि सीटच्या रुळापासून वायर लांब. ते का, वर लिहिलंच आहे. आठवड्याने पुन्हा एकदा आवळा. गाणी मोठ्याने चालू ठेवून मल्टिमीटरने होल्डरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत व्होल्टेज मोजा. ०.१ व्होल्टच्या वर दिसलं तर कुठला तरी जोड कच्चा आहे. दाजींच्या आताच्या होल्डरवर ०.०६ येतं, दर दिवाळीला मी स्वतः मोजतो.

एक राहिलं. फ्यूज म्हणजे सगळ्यावर इलाज नाही. ६०चा फ्यूज ६५ला उडत नाही, ८०लाही कधीकधी कित्येक मिनिटं तग धरतो. वायर नुसती घासून ठिणग्या पडत असतील तर त्याला पत्ताही लागणार नाही. डिकीत दुसरी बॅटरी ठेवणार असाल तर त्या टोकालाही वेगळा फ्यूज हवा, कारण तेव्हा वायरीला दोन्हीकडून करंट मिळतो. आणि मायनसवर सेन्सर असलेली नवी गाडी असेल तर अँपची अर्थिंग बॅटरीच्या मायनसला नव्हे, बॉडीला, रंग खरवडून.

दाजी, तुम्ही हे वाचणार आहात हे मला माहीत आहे. ते दोन हिरवे फ्यूज अजून तुमच्या अँपवरच आहेत, पहिल्या दिवसापासूनचे. ते कधीच उडाले नाहीत, कारण अँपला कधी काही झालंच नव्हतं.