आयटीआयनंतरची पहिली सात वर्षं: एका तरुण मशिनिस्टला पत्र

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मशिनिस्ट ट्रेडची, म्हणजे मशीनवर धातू कापून भाग बनवण्याच्या कामाची, शेवटची परीक्षा झाली आणि आता तुझ्यासमोर तीन वाटा आहेत: चाकणला ठेकेदारामार्फत लगेच मिळणारी नोकरी, अप्रेंटिसशिप, किंवा डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. घरच्यांना पगार हवा आहे, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. तरी ठरवण्याआधी प्रत्येक वाटेला एकच प्रश्न विचारून बघ. आज येत नाही असं कोणतं काम वर्षाच्या शेवटी मला एकट्याला करता येईल? आपल्या धंद्यात पगार आणि समाधान या दोन्ही गोष्टी शेवटी इथेच येऊन ठरतात. मशिनपाशी उभा असलेला माणूस स्वतः किती निर्णय घेतो, यावर त्याची किंमत होते आणि त्याचं मनही त्यावरच रमतं.

आधी ठेकेदाराची नोकरी. मोठ्या उत्पादनाच्या लाइनवर ऑपरेटरचं काम म्हणजे जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, मशीनला लावायचा, दार बंद करायचं, सायकल स्टार्ट दाबायचं, जॉब काढून माप तपासायचा गेज लावायचा. हे महिन्याभरात येतं. नंतरची दोन वर्षं तोच महिना पुन्हा पुन्हा भरत राहतो. कितीतरी चांगली पोरं इथेच कंटाळतात आणि ‘आपल्याला ही लाइन जमत नाही’ असं ठरवून डिलिव्हरीच्या कामाला लागतात. त्यांना धंद्याचा कंटाळा आलेला नसतो, त्या एका जागेचा आलेला असतो. घरची गरज खरोखरच आजची असेल तर नोकरी धर, पण शक्यतो भोसरी, सातपूर, शिरोली अशा भागातल्या जॉबवर्क करणाऱ्या वर्कशॉपमध्ये धर. तिथे आठवड्याला चार-पाच वेगवेगळे जॉब येतात, माणसं कमी असतात, त्यामुळे सेटिंगला, म्हणजे नव्या जॉबसाठी मशीन तयार करण्याला, हात लावायची संधी लवकर मिळते. पगार हजार-दोन हजारांनी कमी असला तरी चालेल.

अप्रेंटिसशिप मला तुझ्यासाठी सगळ्यात योग्य वाटते. आयटीआय झालेल्याला साधारण एक वर्षाची असते. 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखाली 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना अप्रेंटिस घ्यावेच लागतात, त्यामुळे जागा असतात. ओझरचा एचएएलचा विमान कारखाना, मुंबईचं माझगाव डॉक, अंबरनाथ-वरणगाव-भुसावळसारखे आयुध कारखाने आणि मोठ्या खासगी कंपन्या जाहिराती काढतात. इथे एका ठिकाणी फार फसगत होते, ती नीट समजून घे. काही ठिकाणी ‘ट्रेनी’ म्हणून घेतात, गणवेशही देतात, पण कायद्याखालचा करार झालेलाच नसतो. मग वर्षाच्या शेवटी राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळत नाही, नुसतं कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र हातात येतं. म्हणून रुजू होताना अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर तुझ्या नावाचा करार नोंदला आहे का, त्यात ट्रेड ‘मशिनिस्ट’ असाच लिहिला आहे का, सुरुवातीची आणि शेवटची तारीख बरोबर आहे का, हे स्वतः उघडून बघ. या प्रमाणपत्राला खरी किंमत आहे: रेल्वेच्या लेव्हल 1, म्हणजे सगळ्यात खालच्या पातळीच्या, भरतीत रेल्वेच्याच आस्थापनांत कायद्याखाली अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी 20 टक्के जागा राखीव असतात. मात्र वर्ष संपल्यावर त्याच कंपनीने नोकरी द्यावी असं बंधन कायद्यात नाही. शेवटचे तीन महिने उरले की दुसरीकडे अर्ज सुरू कर.

त्या वर्षात काय शिकायचं हे कंपनीवर सोडू नकोस. पहिल्याच आठवड्यात सुपरवायझरला नम्रपणे सांग, की मला आधी दोन महिने इन्स्पेक्शनला, म्हणजे मापं तपासण्याच्या विभागात, ठेवा. पोरांना हा विभाग बिनमहत्त्वाचा वाटतो. पण ड्रॉइंग वाचणं तिथेच येतं. ड्रॉइंगवर भोकाला 25 एच7 (25 हे माप, एच7 ही चालणाऱ्या फरकाची खूण) लिहिलं असेल तर भोक 25.000 ते 25.021 मिलिमीटरमध्ये बसायला हवं. आयटीआयत वापरलेल्या व्हर्नियरचं लघुत्तम माप 0.02 मिलिमीटर आहे, म्हणजे अख्खा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) त्याच्या एका भागात संपतो. तिथे भोकाचं बारीक माप घेणारा बोअर गेज किंवा भोक मर्यादेत आहे का ते सांगणारा गो-नोगो प्लगच लागतो. कोणतं माप कशाने घ्यायचं हे ज्याला कळतं, त्याच्या हातात लोक पहिला पीस विश्वासाने देतात.

मग सेटिंग. जी54 ला, म्हणजे मशीनच्या कंट्रोलमध्ये, जॉबचं शून्य धरणं, टूलची लांबी घेणं, पहिला पीस काढून वेअर ऑफसेट, म्हणजे मापातली बारीक दुरुस्ती, देणं. लेथवर शाफ्ट 0.04 ने मोठा आला तर एक्सच्या (व्यासाच्या) वेअरमध्ये उणे 0.04. चिन्ह चुकलं की पुढचा पीस 0.08 ने मोठा येतो. तेव्हा घाबरून दुसऱ्यांदा आकडा बदलू नकोस, आधीचा आकडा काय होता ते बघ. तसंच, फानुक कंपनीच्या अनेक कंट्रोलवर प्रोग्राममध्ये एक्स50 नंतर टिंब दिलं नाही तर मशीन ते 50 मायक्रॉन समजतं, 50 मिलिमीटर नाही. नव्या सेटरची टूल आदळण्यामागे बऱ्याचदा एवढंच एक टिंब असतं. नवा प्रोग्राम पहिल्यांदा नेहमी सिंगल ब्लॉकवर (एकेक ओळ थांबून) आणि रॅपिड (टूलची मोकळी धाव) कमी करून चालव, कोणी कितीही घाई केली तरी.

रोज एक वही भर. जॉबचं मटेरियल, टूल, स्पीड, फीड (एका फेऱ्यात टूल किती पुढे सरकतं), काय बिघडलं, कशाने सुधारलं. कंपनीचं ड्रॉइंग किंवा प्रोग्राम उतरवून घेऊ नकोस, त्यांच्या फोटोंवरून नोकऱ्या जातात. कारणं तेवढी लिही. पत्करावा असा एक नियम म्हणजे आकडा कुठून आला हे विचारणं. 50 व्यासाचा माइल्ड स्टीलचा बार कार्बाइडने 150 मीटर प्रति मिनिटाने कापायचा, तर 1000 गुणिले 150, भागिले (3.14 गुणिले 50), म्हणजे सुमारे 955 आरपीएम. इन्सर्टवर, म्हणजे टूलच्या बदलत्या कार्बाइड टोकावर, सीएनएमजी 120408 लिहिलंय, त्यातलं शेवटचं 08 म्हणजे नाकाची त्रिज्या 0.8 मिलिमीटर. फीड 0.2 असेल तर पृष्ठावरच्या खाचांची उंची फीडचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट, म्हणजे सव्वासहा मायक्रॉनच्या आसपास. फीड 0.1 केलं की ती चौथाई होते. ‘फिनिश येत नाही’ म्हणून इन्सर्ट बदलत बसणाऱ्यांत आणि फीडचा विचार करणाऱ्यांत हाच फरक. दहावीच्या गणितापलीकडे यात काही नाही, तेव्हा गणिताला भिऊ नकोस.

फी भरून सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनच्या, प्रोग्रामिंगचा क्लास लगेच लावू नकोस. मशीनवर सहा महिने काढल्याशिवाय त्यातलं फारसं पचत नाही, आणि सर्टिफिकेटकडे बघून कोणी सेटर नेमत नाही. तेच पैसे दोन वर्षांनी कॅम, म्हणजे संगणकावर मशीनचा प्रोग्राम तयार करणारं, सॉफ्टवेअर शिकायला घाल. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये कमी मुदतीचे चांगले कोर्स असतात.

डिप्लोमाबद्दल. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाचीही वाट आहे. वाट चांगली आहे, पण तुझ्यासारखी मुलं तिथे एका ठराविक जागी अडखळतात. पहिल्या वर्षाचं गणित झालेलं नसतं आणि दुसऱ्या वर्षात स्ट्रेंथ ऑफ मटेरियल समोर येतं. वर्कशॉपमध्ये सगळ्यांत पुढे असलेला मुलगा थिअरीत मागे पडतो आणि स्वतःला मठ्ठ समजू लागतो. जायचंच असेल तर आधी चार महिने त्रिकोणमिती, लॉगॅरिदम आणि कलनाची ओळख एवढं पक्कं कर. तुझी गणिताची गोडी आणि घरची दोन वर्षांची तयारी या दोन्ही असतील तर आत्ताच जा. यातलं एक जरी नसेल तर अप्रेंटिसशिप करून मग जा. वर्षभर मशीनवर राहून आलेल्याला तेच विषय अर्थासकट कळतात.

तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या आसपास फाटा फुटतो, आणि इथे फक्त पगार बघून वळणारे पुढे दुःखी होतात. तोवर वहीतूनच तुला कळेल, की कोणत्या दिवशी वेळ कसा गेला ते समजलं नाही. नवा जॉब कसा धरायचा, त्याला घट्ट पकडणारं फिक्स्चर कसं असावं यात डोकं रमत असेल तर प्रोग्रामिंग आणि प्रोसेस प्लॅनिंगकडे जा. मायक्रॉनमागे लागायचा नाद असेल तर टूल रूम, म्हणजे साचे आणि अचूक हत्यारं बनवणारा विभाग. तिथे पगार सावकाश वाढतो, पण साठाव्या वर्षीही माणसाला मान असतो. मापात आणि कारण शोधण्यात गोडी वाटत असेल तर क्वालिटी आणि सीएमएम, म्हणजे संगणकावर मापं घेणारं मशीन. बंद पडलेलं मशीन बघून हात शिवशिवत असतील तर सर्व्हिस इंजिनिअर. त्यात प्रवास फार, म्हणून लग्नाआधीची वर्षं त्याला बरी. आणि नव्या पोराला समजावताना तुला आनंद होत असेल तर शिकवण्याची वाट मोकळी आहे: आयटीआयचा निदेशक व्हायला सीआयटीएस हे एक वर्षाचं प्रशिक्षण लागतं, ते मुंबईत चुनाभट्टीच्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेत होतं. चांगल्या निदेशकांची आपल्याकडे फार गरज आहे, म्हणून मला ही वाट मनापासून प्रिय आहे.

नोकरी बदलायची कधी? नवं काम शिकायला मिळणार असेल, किंवा पगारात किमान चौथाई वाढ असेल तेव्हा. दर सहा महिन्यांनी हजार रुपयांसाठी उडी मारणाऱ्याला कोणी सेटर करत नाही, कारण त्याला शिकवण्यात घातलेला वेळ वाया जाणार हे सुपरवायझर जाणून असतो. बदलताना पीएफ काढू नकोस. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, एकच ठेव आणि जुनी रक्कम नव्या खात्यात वळती कर. पेन्शनसाठी एकूण 10 वर्षांची सेवा मोजली जाते आणि मधेच पेन्शनचे पैसे काढले की ती मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ठेकेदार पगारातून पीएफ कापतो पण भरतो का, हे दर महिन्याला मोबाइलवर पासबुकात बघ. महिना 21,000 पर्यंतच्या पगाराला ईएसआय, म्हणजे कामगार विमा, लागू असतं, त्याचं कार्ड आईवडिलांची नावं घालून आधीच करून घे. अपघात झाल्यावर धावपळ करून ते होत नाही. शिवाय आयटीआय प्रमाणपत्र, आधार आणि दहावीची गुणपत्रिका यांवरचं नाव आणि जन्मतारीख अक्षरशः एकसारखी करून घे. यावरून पुढे वर्षानुवर्षं कागद अडतात.

ओव्हरटाइमचं एक पथ्य पाळ. कायद्याने त्याला दुप्पट दर आहे, आणि सुरुवातीला तो मोह सुटत नाही. पण बारा तासांची पाळी कायम करणाऱ्याची वही पहिल्या महिन्यातच बंद पडते. आठवड्याला दोन दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही असं ठरव. मोटारसायकलचा हप्ता पहिल्या वर्षी घेऊ नकोस. हप्त्यामुळेच शिकायच्या जागेपेक्षा ओव्हरटाइमची जागा निवडावी लागते. घरी दर महिन्याला ठरावीक रक्कम पाठव आणि तीन महिन्यांचा खर्च बाजूला साठेपर्यंत बाकी काही विकत घेऊ नकोस. फिरत्या स्पिंडलजवळ हातमोजे, अंगठी, कडं कधीच नको. हे तुला आयटीआयत सांगितलं असेल, तरी मी पुन्हा सांगतो.

स्वतःचं वर्कशॉप टाकायचं तू लिहिलं आहेस. त्याचा हिशोब आत्ताच करून ठेव. समजा 30 लाखांचं व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं सीएनसी मशीन) घेतलं, साडेसात लाख स्वतःचे आणि बाकी 11 टक्क्यांनी पाच वर्षांचं कर्ज. हप्ता महिना सुमारे 49,000. शेडचं भाडं, वीज, इन्सर्ट, दुरुस्ती आणि एक माणूस मिळून आणखी 65,000 धर. म्हणजे 1,14,000. तासाला 400 रुपये दर मिळाला तर निव्वळ खर्च भागायला 285 तास काम हवं, आणि एका पाळीत सेटिंगचा वेळ वजा जाता 150 तासच बिलात येतात. दोन पाळ्यांची खात्रीची ऑर्डर असल्याशिवाय हे मशीन पोसलं जात नाही, तुझा पगार तर अजून यात धरलेलाच नाही. त्यात सरकारची उद्यम नोंदणी असलेल्या लहान उद्योगाला 45 दिवसांत पैसे द्यायचा कायदा असला तरी बिलं अनेकदा तीन महिने लटकतात, म्हणून तेवढ्या महिन्यांचं खेळतं भांडवल वेगळं लागतं. बुडालेल्या वर्कशॉपमध्ये कारागिरी सहसा चांगलीच असते, हा हिशोब केलेला नसतो. सात वर्षांनंतर, दोन गिऱ्हाइकं तुला नावाने ओळखू लागली की मग या विषयावर बोलू. तोवर कोटेशन कसं बनतं ते ऑफिसात जाऊन शिकून घे.

जपान-जर्मनीचं विचारलंस. मशिनिंगला तिथे मागणी आहे, पण आधी भाषा लागते. जपानच्या कुशल कामगार योजनेला एन4 (जपानी भाषा परीक्षेची प्राथमिक पातळी) च्या आसपासची जपानी आणि कामाची परीक्षा दोन्ही लागतात. दोन वर्षांचा अनुभव होईपर्यंत रोज अर्धा तास भाषेला दे, एजंटला आगाऊ पैसे देऊ नकोस.

आता लगेच करायचं ते असं. या आठवड्यात पोर्टलवर नोंदणी कर आणि तुझ्या घरापासून पोहोचता येतील अशा 10 आस्थापनांना अर्ज टाक. त्यांपैकी कोणाकडे स्वतःची टूल रूम आहे हे तुझ्या निदेशकांना विचार. टूल रूम असलेल्या ठिकाणी अप्रेंटिसला शिकायला जास्त मिळतं. बोलावणं आलं की मुलाखतीत स्टायपेंडबरोबर हेही विचार, की वर्षात किती विभाग फिरवतात. आणि कराराचा मसुदा हातात आला की सही करण्याआधी मला पाठव, आपण दोघं मिळून वाचू.