शर्यत कुणी लावायची, घोड्याने की आपण?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्याच्या घोड्यांच्या रेसच्या सीझनमधल्या एका रविवारची हकिगत मित्रांना कळवताना तुम्ही लिहिलंत, ‘सहाव्या शर्यतीत मी एका नवख्या घोडीवर शर्यत लावली आणि हरलो.’ एका मित्राने हटकलं, की दुसरी ‘शर्यत’ चूक, तिथे ‘पैज’ हवी. दुसरा तुमच्या बाजूने. हिंदीवाले सर्रास ‘शर्त लगाना’ म्हणतात, मग मराठीत म्हटलं तर कुणाचं घोडं मारलं? आणि जाता जाता तुम्ही विचारलंत, की ‘अटी व शर्ती’मधली शर्त आणि ही शर्यत एकच का.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्या पोटात आहे. होय, एकच. मूळ शब्द अरबी ‘शर्त’. अर्थ अट, ठराव, कराराचं कलम. फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला. अट आणि पैज यांत अंतर फार नाही. ‘अमुक झालं तर मी तुला इतके देईन, नाही झालं तर तू मला द्यायचे’ ही पैज म्हणजे अट घातलेला करारच. हिंदीने दोन्ही अर्थ एकाच शब्दात ठेवले. मराठीने मात्र एका शब्दाची तीन बिऱ्हाडं केली.

पहिलं ‘शर्त’. ते कागदावर राहिलं: अटी व शर्ती, सशर्त जामीन, बिनशर्त पाठिंबा. ‘अटी व शर्ती’मध्ये एकाच अर्थाचे दोन शब्द शेजारी बसवलेत, कागदपत्र किंवा धनदौलत यांसारखे. दुसरं बिऱ्हाड ‘शर्थ’. हेही त्याच घरातलं आहे, हे सांगितलं की लोक चमकतात. पैजेत माणूस काहीतरी पणाला लावतो. सगळंच पणाला लावलं की ‘जिवाची शर्थ’ होते, ‘शर्थीची झुंज’ होते. ‘आता मात्र शर्थ झाली!’ म्हणतो तेव्हा तर पैजही मागे पडते आणि उरते फक्त पराकाष्ठा. वर्तमानपत्रांत अधूनमधून ‘अटी व शर्थी’ छापून येतं ते चूक, पण ती चूक करणारा नकळत सख्ख्या भावंडाच्याच घरात शिरलेला असतो, हेही खरं.

तिसरं बिऱ्हाड आपलं, ‘शर्यत’. सातारा-सांगलीकडे बैलगाड्यांचा नाद असलेल्या माणसाशी पाच मिनिटं बोला. तो ‘शर्यती’ म्हणत नाही, ‘शरती’ म्हणतो, ‘शरतीचा बैल’ म्हणतो. शहरी माणसाला वाटतं हा अडाणी उच्चार. खरं तर मुळाशी जवळचा तोच आहे; ‘य’ घुसडला तो आपण. (‘शरीयत’शी मात्र याचा काही संबंध नाही. कानाला जवळचा वाटतो इतकंच, अरबीत त्याचं मूळ वेगळं आहे.)

म्हणजे मराठी शर्यतीत आधी पैज होती, पळणं मागून आलं. याचा पुरावा आपण रोज बोलतो. शाळेच्या मैदानावर ‘धावण्याची शर्यत’ असते, ‘पोत्यात पाय घालून पळण्याची शर्यत’ असते. शर्यतीच्या अर्थातच पळणं असतं तर ‘धावण्याची’ हे शेपूट लावायची गरज पडली नसती. कशाची शर्यत, म्हणजे कशाबद्दलची पैज, हे आधी सांगावं लागत होतं. जुन्नर-आंबेगाव-खेडच्या घाटांत (गाडे पळवायच्या धावपट्टीला तिकडे घाट म्हणतात) तर एका वेळी एकच गाडा पळतो. शेजारी दुसरा गाडा नाही, मागे लागलेलं कुणी नाही. एक बारी म्हणजे गाड्याची एक धाव, एक घड्याळ आणि किती सेकंदांत पार केलं ते. याला जो ‘चढाओढ’ म्हणेल त्याला जरा अडखळायला होईल. ‘शर्यत’ म्हणताना कुणी अडखळत नाही, कारण इतक्या वेळात पोचायचं ही अट तिथे शाबूत आहे.

इंग्रजीचा प्रवास नेमका उलटा. ‘रेस’ हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आला आणि त्याचा मूळ अर्थ धाव, वेगाने जाणं. पण घोड्यांच्या मैदानावर पैज तिथेही दारातून नाही तर खिडकीतून आत आलीच. इंग्लंडात एप्सम इथे 1780 मध्ये सुरू झालेल्या डर्बी या शर्यतीचं पूर्ण नाव ‘डर्बी स्टेक्स’, आणि स्टेक म्हणजे पणाला लावलेली रक्कम. घोड्यांच्या मालकांनी आपापला वाटा टाकायचा, जिंकेल त्याने ढीग उचलायचा, म्हणून ‘स्वीपस्टेक्स’. ‘2000 गिनीज’ या दुसऱ्या शर्यतीचं नाव तर सरळसरळ बक्षिसाच्या रकमेचं; गिनी म्हणजे जुनं इंग्रजी सोन्याचं नाणं. मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर डिसेंबरात इंडियन 2000 गिनीज होते तेव्हा तिथे कुणीच गिनी पाहिलेली नसते, नाव मात्र अजून पैशांचंच. आपल्या रेसवाल्यांच्या बोलण्यात ‘हँडिकॅपची रेस’ आणि ‘टर्म्सची रेस’ असा फरक असतो. हँडिकॅपमध्ये चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देऊन सगळ्यांना एका पातळीवर आणतात. टर्म्समध्ये वय, लिंग, आधीचे विजय यांवरून वजन ठरलेलं असतं. टर्म्स म्हणजे शर्ती. ‘शर्तीची शर्यत’ असं कुणी म्हणत नाही, पण म्हटलं असतं तर एकाच शब्दाच्या दोन पिढ्या एकत्र आल्या असत्या. (डर्बीत घोड्यांपेक्षा घोड्यांना— म्हणजे माद्यांना— थोडं कमी वजन असतं, असं लिहायला गेलो की मराठीची पंचाईत होते. ‘घोडी’ शब्दाचं अनेकवचन ‘घोड्या’ आणि विभक्तीत दोघंही ‘घोड्यांना’. रेसवाले ‘फिली’ म्हणून सुटतात. शहाणे आहेत.)

आता तुमचं वाक्य. ‘शर्यत लावणे’ हा प्रयोग मराठीत जिवंत आहे, पण त्याचा कर्ता पळणारा असतो. ससा आणि कासव शर्यत लावतात. दोन पोरं ‘त्या चिंचेपर्यंत शर्यत लावू’ म्हणतात आणि सुटतात. पूर्वी दोन मालक आपापले घोडे घेऊन मैदानात उतरत आणि पैसेही त्यांचेच लागत. तेव्हा पैज आणि धाव यांचा धनी एकच, म्हणून एक शब्द दोन्हीला पुरत होता. तुम्ही मात्र स्टँडमध्ये बसलेले तिसरे. घोडी तुमची नाही, लगाम दुसऱ्याच्या हातात. ‘मी घोडीवर शर्यत लावली’ वाचल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर तुम्ही खोगिरावर बसलेले दिसता. हिंदीत असं होत नाही, कारण तिथे धावण्याला ‘दौड़’ हा वेगळा शब्द आहे आणि ‘शर्त’ पैजेसाठी मोकळी राहिली. हिंदीचा दाखला म्हणून इथे चालत नाही.

पण तुम्हाला हटकणारा मित्रही पुरता बरोबर नाही. ‘पैज’ हा फार जुना शब्द, संस्कृत ‘प्रतिज्ञा’पासून प्राकृतातून घासत आलेला. ज्ञानेश्वरीतली ‘अमृतातेंही पैजां जिंके’ ही ओळ सगळ्यांना पाठ असते. तिथे कुणी पैसे लावलेले नाहीत, ईर्ष्येने केलेली प्रतिज्ञा आहे. ‘पैजेचा विडा’ उचलतात तोही प्रतिज्ञेचाच. पैजेला समोर माणूस लागतो. मी म्हणतो होईल, तू म्हणतोस नाही होणार. आता तुम्ही टोटवर, म्हणजे क्लबच्या खिडकीवर, पैसे लावलेत. टोटमध्ये सगळ्यांचे पैसे एका हौदात जातात, क्लबचा आणि सरकारचा वाटा निघतो, उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटलं जातं. तिथे तुमची पैज कुणाशी? हौदाशी? बुकीकडे लावलेत तर थोडी तरी पैज म्हणता येईल, कारण तो भाव देतो आणि तुमच्या समोर उभा राहतो. तरी बुकीशी ‘पैज मारली’ असं मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

रेसवाले काय म्हणतात? ‘घोडा लावला’, ‘घोडीवर पाचशे लावले’, ‘रेस खेळलो’. ‘लावणे’ या क्रियापदानेच पैजेचं सगळं काम उचललंय, नाम गाळून टाकलंय. आणि ‘रेस’ हा शब्द मराठीत आल्यावर स्त्रीलिंगी झाला. का, तर घरात आधीपासून ‘ती शर्यत’ होती. पण दोघींचं जगणं वेगळं. मुलगा शर्यतीत पहिला आला की आई पेढे वाटते. नवरा रेसला गेला की तीच कपाळाला हात लावते. शर्यतीचा कप कपाटात मिरवतो, रेसचं पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून घरी येतं.

हा शब्दांचा खेळ नुसता घरातला नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये मद्रासच्या रेसक्लबच्या प्रकरणात घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ मानला. घोड्याची वंशावळ, तयारी, जॉकी हे सगळं तोलून पैसे लावणं म्हणजे निव्वळ नशीब नव्हे, असा त्यामागचा विचार. तरी 1 ऑक्टोबर 2023 पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी आला आणि 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला, कॅसिनो आणि लॉटरीच्या रांगेत बसवून. रेसवाल्यांचं गाऱ्हाणं हेच, की न्यायालयात आम्ही शर्यत आणि करखात्यात जुगार. मला रेसचा नाद नाही, पण शब्दाच्या अंगाने पाहिलं तर त्यांची कुचंबणा कळते. जो शब्द जन्मापासून पैज आणि धाव दोन्ही पोटात घेऊन आला, त्याच्या कुठल्या अर्धुकावर कर बसवायचा?

तेव्हा वाक्य असं करा: ‘सहाव्या शर्यतीत मी एका नवख्या घोडीवर पैसे लावले.’ ती पहिल्या तिघांत येईल की नाही यावर मित्राशी अलग बोली झाली असेल, तर तेवढ्यापुरती ‘पैज’ खुशाल लिहा. आणि शेवटचं ‘हरलो’ काढा. हरली ती घोडी. तुमचे पैसे गेले.