ताई, एफडीला हप्ता नसतो

प्रश्न: मी नागपुरात मानेवाडा भागात घरीच नववी-दहावीच्या गणिताची शिकवणी घेते. २२ मुलं आहेत, महिन्याला प्रत्येकी १,२०० रुपये. एक नवीन टॅब्लेट बाजारात आलाय, पेनसकट ६२,००० ला. त्यावर लिहून ऑनलाइन शिकवलं तर पुण्या-मुंबईची दहा मुलं सहज मिळतील. तो उपयोगी पडेल का, आणि बाजारात चालेल का? पैशांची सोय आहे. माझी तीन लाखांची एफडी सुटली. बँकेतल्या साहेबांनी त्यातल्या एका लाखाची नवीन एफडी करून दिली. दुप्पट होतील, विमाही आहे, करही वाचेल म्हणाले. दहा दिवसांपूर्वी त्याची जाडजूड पुस्तिका कुरिअरने आली, पुढच्या हप्त्याची तारीखही त्यात आहे. उरलेल्या दोन लाखांतून टॅब्लेट घेऊ का? मिस्टर हिंगण्याला एमआयडीसीत खासगी नोकरीत आहेत.

उत्तर: ताई, टॅब्लेट राहू द्या बाजूला. एफडीला हप्ता नसतो. पत्र वाचल्या वाचल्या तुम्हाला फोन केला तो यासाठीच. तुम्ही पुस्तिकेचं पहिलं पान वाचून दाखवलंत आणि शंका उरली नाही. तुमच्या हातात आहे ती विम्याची पॉलिसी. वर्षाला एक लाख, असे दहा वर्षं भरायचे आणि विसाव्या वर्षी २२ लाख घ्यायचे. तुम्ही तर एकदाच लाख भरून मोकळ्या झालात असं समजून होतात.

२२ मुलांचे १,२०० प्रमाणे महिन्याला २६,४०० होतात. उन्हाळ्याचे दोन महिने सोडा, आपल्याकडे शाळा जूनअखेरीशिवाय सुरू होत नाहीत. म्हणजे वर्षाचे झाले अडीच-पावणेतीन लाख. त्यातला एक लाख दरवर्षी या हप्त्याला जाणार, दहा वर्षं! राहिलं कर वाचवण्याचं. एवढ्या उत्पन्नावर तुम्हाला करच बसत नाही, मग वाचणार काय?

आता ‘दुप्पट’. दहा लाखांचे २२ लाख, त्यामुळे शब्द खोटा नाही, म्हणूनच तो इतका खपतो. पण वीस वर्षं लावून दर काढला तर वर्षाला पाच-सव्वापाच टक्के पडतात. हाच लाख त्याच दहा वर्षांत पीपीएफ या सरकारी बचत योजनेत टाकला आणि विसाव्या वर्षापर्यंत राहू दिला, तर आजच्या ७.१ टक्क्यांनी साडेएकोणतीस लाख होतात. दर पुढे थोडा खाली-वर होईल, तरी फरक साडेसात लाखांचा आहे. तुमचे बारा टॅब्लेट त्यात येतात. आणि विमा किती, तर दहा लाख, तोही तुमच्या जिवावर. घर ज्यांच्या पगारावर चालतं त्यांचा टर्म विमा, म्हणजे ठरलेल्या वर्षांत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा, आहे का, असं फोनवर विचारलं तर तुम्ही म्हणालात, कंपनीचं काहीतरी असेल. नोकरी सुटली की ते ‘काहीतरी’ही सुटतं.

सुदैवाने वेळ गेलेली नाही. पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. याला फ्री लुक म्हणतात. त्यातले दहा संपले. विमा कंपनीच्या नावाने साध्या कागदावर लिहा की ही पॉलिसी मला फ्री लुकमध्ये रद्द करायची आहे. सोबत पॉलिसी, भरलेल्या पैशांची पावती आणि रद्द केलेला चेक जोडा. अर्ज बँकेत त्याच साहेबांकडे द्या आणि प्रतीवर तारखेसकट शिक्का घ्या. तोच मजकूर कंपनीला ईमेलही करा. मधल्या दिवसांच्या विम्याचे पैसे, मुद्रांक शुल्क आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च एवढंच कापून बाकीचे परत मिळतात. साहेब चहा मागवतील, ‘मॅडम, निदान दोन हप्ते तरी भरा’ म्हणतील. चहा घ्या, शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. टाळाटाळ झाली तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, तिथेही हाललं नाही तर विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाका. महिना उलटला की याच कामाला सरेंडर म्हणतात, आणि सुरुवातीच्या वर्षांत त्यात हाती फार कमी लागतं.

परत आलेला लाख धरून तीन लाख होतील. त्यातले दोन लाख अडीअडचणीसाठी हात न लावता एफडीत ठेवा, खऱ्या एफडीत. उरलेल्यातून आधी मिस्टरांच्या टर्म विम्याचा हप्ता जाऊ द्या.

आता टॅब्लेट. चालेल का, हे बनवणाऱ्यांनाही आधी कळत नाही. एचपीने २०११ च्या जुलैत टचपॅड नावाचा टॅब्लेट आणला आणि ऑगस्टमध्येच गुंडाळला, ४९९ डॉलरचा माल ९९ ला काढला. मायक्रोसॉफ्टला सरफेस आरटी या टॅब्लेटच्या पडून राहिलेल्या साठ्यापायी २०१३ मध्ये ९० कोटी डॉलरचा फटका बसला. आपल्याकडचा ‘आकाश’ हा स्वस्त सरकारी टॅब्लेट २०११ मध्ये किती गाजावाजाने आला, आज कुणाच्या दप्तरात दिसतो का? टॅब्लेट चालतो तो त्यावरच्या अॅपवर आणि पुढची चार-पाच वर्षं मिळणाऱ्या अपडेटवर. म्हणून दुकानदाराला दोनच गोष्टी विचारा: अपडेट किती वर्षं, आणि काच फुटली तर दुरुस्ती नागपुरात होते की पार्सल बाहेरगावी जातं?

पण तुम्हाला तो आत्ता लागतच नाही. पुण्या-मुंबईची दहा मुलं ही तुमची आशा आहे, त्यांतल्या एकानेही अजून फी दिलेली नाही. तीनच मिळाली आणि महिना हजार दिले, तर दहा महिन्यांचे ३०,०००. टॅब्लेटची किंमत निघायला दोन वर्षं लागतील. तुमच्या मुलाचा लॅपटॉप घरात आहे, असं फोनवर म्हणालात. त्याला जोडायचा पेन टॅब तीन-पाच हजारांत मिळतो. पडदा नसतो, नुसती पाटी. हात पाटीवर आणि नजर लॅपटॉपवर, याची सवय व्हायला आठवडा लागेल, पण भूमितीची आकृती झकास निघते. दिवाळीपर्यंत यावर शिकवा. बाहेरगावच्या पाच मुलांची फी तीन महिने सलग आली तर मोठ्या टॅब्लेटचं पुन्हा विचारा.

सीताबर्डीला पेन टॅब घ्यायला जाल तेव्हा लॅपटॉप सोबत न्या आणि दुकानातच जोडून एक वर्तुळ काढून बघा.