लेहची माती फ्रीझरमध्ये फुगली नाही, म्हणून ती सुरक्षित ठरत नाही

लेहजवळच्या रस्त्याच्या पायाची माती घणसोलीच्या प्रयोगशाळेत दोन दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवली, ती फुगली नाही, तर ती वापरावी का, हा आपला प्रश्न वाचून राहवले नाही. नऊ वर्षांपूर्वी ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका प्रयोगशाळेने आम्हाला असाच अहवाल दिला होता आणि त्यावर विसंबून आम्ही लडाखमध्ये रस्ता केला.

त्या चाचणीत साचा सर्व बाजूंनी एकदम गोठवला गेला आणि नमुन्याला बाहेरून पाणी नव्हते. मातीतल्या पाण्याचाच बर्फ झाला, तर तो नऊ टक्के वाढूनही नमुना जेमतेम दोन-तीन मिलिमीटर वर येतो. जमिनीत मात्र थंडी वरून हळूहळू उतरते, खालचे पाणी गोठणाऱ्या थराकडे खेचले जाते आणि बर्फाचे आडवे पापुद्रे जाड होत जातात. बेन्झीन गोठताना आकसते, तरी त्याने भिजवलेली माती फुगते, हे अमेरिकन भूशास्त्रज्ञ स्टीफन टेबर यांनी १९३० मध्येच दाखवले होते. एप्रिलमध्ये आमच्या रस्त्याचा वरचा बर्फ आधी वितळला, खालच्या गोठलेल्या थरावर पाणी अडले आणि ट्रकच्या चाकांखाली डांबराच्या भेगांतून राखाडी चिखल उसळू लागला. पुढे तीच माती खालून पाणी देत गोठवून नमुना उभा चिरला, तेव्हा आत नखाएवढे जाड, काचेसारखे पापुद्रे होते.

म्हणून माती गोठताना किती फुगते आणि वितळल्यावर किती कमकुवत होते हे तपासणाऱ्या एएसटीएम डी ५९१८ या अमेरिकन मानकाप्रमाणेच चाचणी मागा: वरून थंडी, खालून पाणी, गोठण्या-वितळण्याच्या दोन फेऱ्या, एकूण पाच दिवस आणि शेवटी सीबीआर, म्हणजे माती किती भार पेलते याचे टक्क्यांतले माप. दिवसाला ८ मिलिमीटरहून अधिक फुगणारी माती मी घेणार नाही. पण माझ्या मते वितळल्यानंतरचा सीबीआर त्याहून महत्त्वाचा आहे आणि तो ५ च्या खाली गेला, तर फुगवटा कमी असूनही रस्ता खचतो. कणांचे माप ७५ मायक्रॉनच्या चाळणीपर्यंतच देणारा अहवाल परत पाठवा आणि त्याहून बारीक कण मोजणारी हायड्रोमीटर चाचणी करून घ्या, कारण मृदा-अभियंता आर्थर कासाग्रांदे यांच्या १९३१ च्या निकषानुसार ०.०२ मिलिमीटरहून बारीक कण मिश्र कणांच्या मातीत ३ टक्क्यांहून, तर एकसारख्या कणांच्या मातीत १० टक्क्यांहून अधिक असले की धोका सुरू होतो. हा केवळ प्राथमिक अंदाज आहे आणि मी आपल्या प्रकल्पाचा संकल्पक (डिझाइन अभियंता) नाही, त्यामुळे अंतिम निर्णय आपल्या संकल्पकांकडूनच घ्यावा.

नमुना देण्यापूर्वी एमआयडीसीत देखभालीसाठी वीज कधी बंद असते, तेही विचारा. तिसऱ्या दिवशी वीज गेली, तर चाचणी पहिल्यापासून करावी लागते.