पावसाळ्यात कपाटामागच्या भिंतीवर आलेली पांढरी पूड बुरशी आहे की क्षार, हे घरच्या घरी कसे ओळखावे?
चिमूटभर पूड पाण्याच्या थेंबात टाकावी. ती विरघळली तर तो बहुधा विटा-सिमेंटमधून ओलीबरोबर बाहेर आलेला क्षार असतो, आणि न विरघळता कापसासारखे तंतू दिसले, शिवाय कुबट वास येत असेल, तर ती बुरशी समजावी. क्षार कोरड्या ब्रशने झाडता येतो, पण बुरशी कोरडी घासू नये, कारण तिचे बीजाणू खोलीभर पसरतात. मास्क व हातमोजे घालून ती साबणाच्या पाण्याने पुसावी आणि भिंत पूर्ण सुकू द्यावी. गळती बंद न करता वरून रंग दिल्यास तो पुन्हा सोलवटतोच. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मार्गदर्शनानुसार सुमारे १० चौरस फुटांपर्यंतचा डाग घरी साफ करता येतो, मात्र दम्याच्या रुग्णाने हे काम स्वतः करू नये.