तारीख न टाकलेला राजीनामा आणि पाचवीतल्या मुलाला मारलेली चापट

प्रश्न : वकील मॅडम, नमस्कार. मी सोलापुरात पूर्व भागात एका विनाअनुदानित शाळेत शिकवते, जूनमध्ये दोन वर्षं पूर्ण होतील. जॉईन होताना संस्थेने राजीनाम्यावर सही घेऊन ठेवलीय, तारीख टाकलेली नाही, सगळ्यांकडूनच घेतात. मागच्या आठवड्यात पाचवीतल्या एका मुलाला मी चापट मारली, रोजच होमवर्क नसतो त्याचा. वडील येऊन खूप बोलले. आता अध्यक्ष म्हणतात, तो राजीनामा मंजूर करून टाकतो, नाहीतर प्रकरण पोलिसात जाईल. काय करू? - एक शिक्षिका

उत्तर : ताई, आधी राजीनाम्याचं बघू. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्रात 1977 चा सेवाशर्ती कायदा आहे, शाळेला मान्यता असेल तर अनुदान नसलं तरी तो लागतो. त्याच्या कलम 7 मध्ये लिहिलंय की राजीनामा दोन प्रतीत करायचा, दोन्हीवर सही आणि तारीख टाकायची, एक प्रत रजिस्टर पोस्टाने संस्थेला पाठवायची आणि दुसरी स्वतःकडे ठेवायची. ड्रॉवरमध्ये पडलेला तुमचा कागद यात कुठंच बसत नाही. म्हणून आजच संस्थेला रजिस्टर पत्र टाका की मी राजीनामा दिलेला नाही, जॉईन होताना तारखेशिवाय सही घेतली होती, आणि त्याची प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना द्या. अशा सह्या घेणं मला अत्यंत संतापजनक वाटतं, शिकवणाऱ्या बाईला दोन वर्षं भीतीत ठेवून वर्गात कसलं शिक्षण होणार?

जून जवळ आलाय हेही लक्षात घ्या. रिकाम्या झालेल्या कायमच्या पदावर रीतसर नेमणूक असेल तर दोन वर्षांचा प्रोबेशन संपल्यावर तुम्ही कायम समजल्या जाता, पण त्याआधी काम समाधानकारक नाही म्हणून महिन्याची नोटीस किंवा महिन्याचा पगार देऊन संस्था काढू शकते. तर अपॉइंटमेंट ऑर्डर काढून नीट वाचा, नेमणूक कशी लिहिलीय ते बघा. काढलंच तर 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं, ते सोलापुरातच आहे. बोलणी चालू आहेत, बघू काय होतंय म्हणत ते दिवस घालवू नका.

आता चापट. शिक्षण हक्क कायदा 2009 चं कलम 17 मुलाला मारायला आणि मानसिक त्रास द्यायलाही मनाई करतं, आणि मोडलं तर सेवानियमांप्रमाणे कारवाई होते. एकच मारली, हळूच मारली, आमच्या वेळी तर छडी असायची, असं स्टाफरूममध्ये कुणी म्हणालं तरी ऐकू नका, मुलाला लागलंय आणि सगळ्या वर्गासमोर लागलंय. चौकशी करायची तर संस्थेने रीतसर करावी, तुमचं म्हणणं ऐकावं, तिथं जे झालं ते खरं सांगा. पण पोलिसात जायचं की नाही हे पालकांनी ठरवायचं, अध्यक्षांनी त्याच्या बदल्यात नोकरी मागायची नाही, आणि त्यांनी डिक्टेट केलेल्या कुठल्याही कागदावर सही करू नका.

त्या वडिलांना तुम्ही स्वतः भेटा. तक्रार मागे घ्या म्हणायला नाही, माफी मागायला. मुलाचीही मागा. आणि होमवर्क का होत नाही ते विचारा, पूर्व भागातल्या पुष्कळ घरांसारखा घरात यंत्रमाग चालतोय का, आई विड्या वळत बसते आणि धाकटी भावंडं हाच सांभाळतो का, घरी तेलुगू बोलतात म्हणून मराठीतला प्रश्नच त्याला कळत नाही का. पालकांना भेटून मुलाच्या प्रगतीबद्दल बोलत राहणं हे शिक्षण हक्क कायद्याच्याच कलम 24 ने तुमचं काम ठरवलंय, आणि हे बोलणं तक्रार येण्याच्या आधी व्हायला हवं होतं.