पहिला प्लॉट एजंटमार्फत घेताय? आधी एवढं बघा

भाऊ, जळगाव-भुसावळकडे प्लॉट घेताय, चांगलं आहे. एजंटचं काम म्हणजे जागा दाखवणं, भाव जुळवणं, कागद गोळा करणं आणि नोंदणीच्या दिवशी सगळ्यांना हजर करणं. मालकी हक्काची खात्री तो देत नाही. ती वकिलाकडूनच घ्या, आणि वकील तुमचा हवा, एजंटने सुचवलेला नको.

नवखे इथेच फसतात: एजंटने मोबाईलवर पाठवलेला सातबारा खरा मानतात. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो, तो स्वतः काढा. नाव बघून थांबू नका, ‘इतर हक्क’ नीट वाचा. आपल्याकडे विकास सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा तिथेच दिसतो. बहिणींची नावंही बऱ्याचदा तिथेच असतात, त्यांच्या सह्या राहिल्या की पुढे दावा उभा राहतो. ‘भोगवटादार वर्ग २’ (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) दिसलं तर परवानगीचा कागद बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणखी तीन गोष्टी:

- ‘एनए (बिगरशेती) होणारच आहे’ यावर पैसे देऊ नका. जमीन बिगरशेती असल्याचा कागद आणि मंजूर लेआउट (प्लॉट पाडल्याचा नकाशा) हातात घ्या.
- इसार मालकाच्या खात्यात, चेकने. एजंटकडे रोख नको.
- दलाली साधारण १ ते २ टक्के. आधी लिहून घ्या, मोठा हिस्सा खरेदीखत झाल्यावर द्या. एजंट समोरच्याकडूनही दलाली घेतो का, हे सरळ विचारा.

प्रकल्प महारेरात (राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) नोंदलेला असेल तर एजंटचाही नोंदणी क्रमांक लागतो, संकेतस्थळावर तपासा. मुद्रांक शुल्काचं गणित नंतर बघू. आधी उतारा काढा.